वाट आसनगावची, मुक्काम नगरचा

पायातले बूट आधी काढून ठेवा. मनगटावरचं घड्याळ, खिशातला मोबाइल, कसारा लोकलचा पास, सगळं आसनगाव स्टेशनवरच सोडा. तुम्हाला चौदा-पंधराशे वर्षं मागे जायचंय आणि तिथून मुक्काम करत करत पुढे यायचंय. नियम साधा आहे. बघायचं, ऐकायचं, कुणी ओझं दिलं तर उचलायचं. पण पुढे काय होणार ते कुणाला सांगायचं नाही.

बघायचंय ते हे: ख्रिस्ती मंडळी समुद्रापलीकडून या खंडात आली, ती इथे वाढली कशी? त्यासाठी शहापूर-मुरबाडच्या रानात कशाला यायचं, असं तुम्ही विचाराल. इथे वसईसारखी जुनी चर्चं नाहीत, नगरसारखं मिशन नाही. पण कोकणातून देशावर चढणाऱ्या काही मोठ्या वाटा याच दोन तालुक्यांतून जातात. शहापूरवरून थळघाटाने नाशिक. मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नर आणि माळशेजने नगर. बंदरात उतरलेलं बरंच काही इथूनच वर गेलं: मीठ, कापड, पलटणी, पटकी आणि देवही.

साल ५५०च्या सुमाराला: मुरबाडची वाट

तुमच्या खांद्यावर कावड आहे आणि पुढे बैलांची रांग. मागे नाणेघाट. तिथल्या गुहेतला सातवाहनांचा लेख कोरून शतकं लोटलीत, त्यांचं राज्यही कधीच संपलंय. जकातीचा तो दगडी रांजण मात्र जागच्या जागी आहे. तुमच्या तांड्याबरोबर शिसवी ओंडके आहेत. ते कल्याणच्या खाडीवर उतरवायचे, तिथून गलबतात.

कल्याणला पोचता तेव्हा धक्क्यावर इराणी व्यापाऱ्यांची गडबड असते. त्यांच्यातले काही जण एका घरात प्रार्थनेला जमतात. त्यांचा बिशप इराणातून नेमून आलेला आहे. हे आपल्याला कळतं ते अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यामुळे. पुढे संन्यासी होऊन त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात ‘कल्लियाना’ बंदराचा, तिथल्या बिशपचा आणि तिथून जाणाऱ्या तांब्या-पितळेच्या मालाचा, शिसवी लाकडाचा, कापडाचा उल्लेख आहे. अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण मानतात.

तुम्ही दाराशी उभे राहून ऐकता. प्रार्थना सिरियाक भाषेत चालते. तुमच्या बरोबरच्या हमालाला त्यातलं अक्षर कळत नाही, आणि त्याला कळावं असं आतल्या कुणाच्या मनातही नाही. देव व्यापाऱ्यांचा, भाषा व्यापाऱ्यांची. ओंडके चढवून झाले की तुम्ही मजुरी घेता आणि निघता.

एप्रिल १३२१: ठाणे

आता खाडीच्या कडेने ठाण्याला या. गावात नेस्तोरियन, म्हणजे त्याच इराणी परंपरेतल्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं आहेत. त्यातल्या एका घरी चार परदेशी पाहुणे उतरलेत. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. फ्रान्सिस्कन पंथाचे साधू. त्यांना जायचं होतं चीनला, होर्मुझहून निघालेलं जहाज केरळातल्या क्विलोनला पोचणार होतं. वाऱ्याने आणून टाकलं ठाण्यात.

यजमानाने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे गेली. साक्षीला बोलावले गेले पाहुणे. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद पेटला. त्याचा शेवट चौघांच्या हत्येत झाला. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन साधू जोर्दान तेव्हा बाहेरगावी होता. त्याने परत येऊन त्यांना सोपाऱ्यात पुरलं. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक आला आणि त्यांच्या अस्थी काढून चीनला घेऊन गेला.

तुम्ही बघताय ना? अस्थीसुद्धा इथे राहिल्या नाहीत. ही मंडळी इथून जाणारी होती, इथली नव्हती.

पोर्तुगीजांचा काळ आपण भरभर ओलांडू. १५३४मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत वसई-साष्टीत गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, त्यात जबरदस्तीचा वाटाही होता. पण एक माणूस लक्षात ठेवा. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा जेजुइट, १५७९मध्ये गोव्यात आला आणि जन्मभर तिथेच राहिला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. पुराण, तेही मराठी ओवीत! परक्या देवाची कथा सांगायला त्याने इथल्या श्रोत्यांच्या कानाला सवयीचा छंद निवडला. पोर्तुगीज गेले, तरी ते पुराण गोमंतकात आणि कोकणात वाचलं जात राहिलं.

मार्च १८२६: आसनगावहून वर

आता सावकाश चला. ही खरी पायपीट आहे.

पहाट आहे. डाव्या हाताला माहुलीचे सुळके. मोहाची फुलं टपटप गळताहेत आणि ठाकर-कातकऱ्यांची पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली बसलीत. खाचराच्या कोपऱ्यात एक कुणबी राबाची तयारी करतोय. खाली शेण, त्यावर तोडून आणलेली कवळं, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर. हे सगळं तो वाऱ्याची दिशा बघून पेटवेल. भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भात पेरेल आणि रोपं वीतभर झाली की उपटून दुसऱ्या खाचरात लावेल. त्याला रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांचं काही नाही. पेशवाई बुडून आठ वर्षं झाली. रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई दिसतात, व्यापारी दिसतात. एखादा गोरा दिसला तर तोही तसलाच कुणी.

तुम्हाला ज्याला गाठायचंय तो गोरा या दोन्हीतला नाही. गॉर्डन हॉल, मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचा, वय ४१. अमेरिकन बोर्ड नावाच्या, १८१०मध्ये स्थापन झालेल्या बॉस्टनच्या संस्थेने समुद्रापलीकडे धाडलेल्या पहिल्या पाच जणांपैकी एक. १८१२च्या फेब्रुवारीत सेलम गावात त्यांचा दीक्षाविधी झाला. ते कलकत्त्याला उतरतात तोवर अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध जुंपलेलं. कंपनीने त्यांना हाकललं. हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ला मुंबईत पोचले, तर इथेही परत पाठवणीचा हुकूम तयार. ते कोचीनपर्यंत निसटले, धरून आणले गेले. अर्ज केले, विनवण्या केल्या. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचा, म्हणून ते टिकले. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. अमेरिकेतून निघालेल्या या मिशनला आशियात पाय टेकायला पहिली जागा मिळाली ती मुंबईत.

१८१८मध्ये हॉलने सॅम्युएल न्यूएल या सहकाऱ्याबरोबर एक पुस्तिका लिहिली होती. त्यातला हिशेब असा: जगात ६० कोटी माणसं ख्रिस्ताशिवाय आहेत, २० हजारांमागे एक मिशनरी धरला तर ३० हजार मिशनरी लागतील, आणि हे २१ वर्षांत जमेल. न्यूएल १८२१मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल चौकांत, देवळांजवळ, घरोघरी मराठीत बोलत राहिला. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. बायको-मुलांना त्याने आदल्या वर्षी अमेरिकेला पाठवलं.

२ मार्चला तो दोन ख्रिस्ती तरुणांना घेऊन मुंबईहून निघालाय. तुम्ही घाट चढून नाशिकला पोचता तेव्हा गावात पटकीने हाहाकार केलेला असतो. गोदेच्या काठी चिता विझायला वेळ मिळत नाही. लोक मरीआईला साकडं घालताहेत. हॉलने जवळचं औषध वाटायला सुरुवात केलीय. एक रुग्ण झाला की दुसरा. भाषण करायला आलेला माणूस भाषण विसरून डोस मोजतोय. तुम्ही बाजूला उभे आहात, पाण्याचं भांडं तुमच्या हातात आहे. बाटलीतलं औषध खाली खाली जाताना तुम्हाला दिसतं. पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत आहे आणि बोलायचं तर नाही.

१९ मार्चच्या रात्री परतीच्या वाटेवरच्या एका गावात तो देवळाच्या ओसरीवर अंग टाकतो. ओसरीवर पटकीचेच रुग्ण पडलेत. पहाटे त्यालाही पटकीने गाठलं. उरलंसुरलं औषध त्याने घेतलं, पोटात टिकलं नाही. आपल्या सामानाचं काय करायचं ते त्याने पोरांना नीट सांगितलं. २० मार्चला तो गेला. शवपेटी कुठून येणार? दोन्ही पोरांनी कबर खणवून घेतली आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याला मातीत ठेवलं. माती लोटायला तुम्हीही हात लावा.

त्याच वर्षी मुंबईच्या मिशन छापखान्यातून संपूर्ण नवा करार मराठीत बाहेर पडला. त्यात हॉलची कित्येक वर्षांची मेहनत होती.

१८३१पासून पुढे: अहमदनगर

आता मुरबाड, माळशेज, आळेफाटा करत नगरला या. १८३१च्या डिसेंबरात इथे अमेरिकन मिशनने ठाणं उभं केलंय. आलेल्यांपैकी हर्वे सहा महिन्यांच्या आत पटकीने गेला. बाबाजी रघुनाथ हा त्यांच्याबरोबर आलेला ब्राह्मण ख्रिस्ती १८३३मध्ये तसाच गेला. त्याच वर्षी मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, स्थापन झाली. तुम्ही तिच्या उपासनेला जाऊन बसा. पुढे कोण बसलंय बघा. आंधळे, लंगडे, म्हातारे. मिशनच्या आश्रयगृहात आसऱ्याला आलेली माणसं. ३० हजार मिशनऱ्यांच्या हिशेबात ही माणसं कुठे होती?

शाळेच्या पडवीत डोकवा. सिंथिया फॅरार मुलींना शिकवतेय. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित मिशनरी बायांपैकी ही एक; १८२७मध्ये मुंबईला आली, १८३९मध्ये नगरला, आणि १८६२मध्ये इथेच वारली. लग्न नाही, लेकरं नाहीत, मोठमोठी भाषणंही नाहीत. रोज सकाळी शाळा. १८४८च्या सुमाराला पुण्याहून एक तरुण मित्राबरोबर ही शाळा बघायला येतो, बारकाईने बघतो आणि परत जाऊन बायकोला शिकवून मुलींची शाळा काढतो. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. फॅरारबाईंच्या कामाचं फळ मिशनच्या वहीत कधी चढलं नाही, पण ते महाराष्ट्रभर पसरलं.

आता तारखांकडे बघा, म्हणजे वाढीचं गणित दिसेल. १८४२मध्ये इथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं आणि मराठीत वाद घालायला मंडळीला स्वतःचं व्यासपीठ मिळालं. १८५४मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. म्हणजे बाप्तिस्मा द्यायचा, प्रभुभोजन वाढायचं, लग्न लावायचं काम मराठी माणसांच्या हाती आलं. गावोगाव शाळामास्तर गेले, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया गेल्या. नेवासे, राहुरी, शेवगावकडच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं यायला लागली.

ती का आली? शाळेत पोराला पंक्तीत बसवतात म्हणून. गोरा साहेब मामलेदाराकडे शब्द टाकतो म्हणून. येशू आपल्यासारख्यांबरोबर जेवला हे ऐकून छाती भरून आली म्हणूनही. १८७६-७७च्या दुष्काळानंतर संख्या झपाट्याने वाढली आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. टोमणा मारणाऱ्याच्या विहिरीवर या माणसांना पाणी भरायची सोय नव्हती, हेही तुम्ही तिथे उभं राहून बघताच आहात. आणि मंडळीच्या आत जात मेली होती, असंही नाही. कोण कुणाकडे जेवतं आणि कोण कुणाला मुलगी देतं, याचे हिशेब चर्चच्या दाराबाहेर राहिले नाहीत.

रात्री एका खेड्यात थांबा. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं सकाळच्या उपासनेत ऐकलीत ना? सूर लागत नव्हता, माणसं जांभया देत होती. आता अंगणात घोंगड्या अंथरल्यात. कृष्णराव सांगळे कीर्तनाला उभे आहेत. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, मृदंग, मध्ये कोपरखळी. विषय उधळ्या पुत्राचा. धाकट्याने वाटणी मागितली म्हणताच म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. वाटणीची भांडणं प्रत्येक घरात झालेली. बाप धावत सामोरा जातो तेव्हा मागच्या रांगेत, गावकुसाच्या आत राहणारी माणसंही गुपचूप येऊन उभी राहिलेली दिसतात.

शहापूरच्या त्या कुणब्याचं काम इथे आठवतं: रोप कुठल्याही राबात वाढो, दाणा भरतो तो लावणीच्या चिखलात. बॉस्टनने राब भाजला. लावणी सांगळ्यांनी, खिस्त्यांनी आणि नाव न राहिलेल्या शेकडो मास्तरांनी, बायबलबायांनी केली.

१८७३: पुन्हा आसनगाव

रेल्वे आलीय. वासिंदपासूनचा लोहमार्ग १८६०मध्ये आसनगावला पोचला, पुढच्या वर्षी कसाऱ्याला आणि १८६५मध्ये घाट चढून इगतपुरीला. जंगलातला साग-ऐन तुटतोय, इंजिनं धापा टाकताहेत. रस्त्यानेही वर्दळ आहेच.

कल्याणहून नाशिकला निघालेला एक मुलगा या वाटेने जातोय. अकरा-बारा वर्षांचा. दापोलीजवळच्या करजगावचा चित्पावन, कल्याणच्या शाळेत शिकलेला. आई नुकतीच गेलीय, बापाशी पटत नाही. नाशिकला जाऊन गणेशशास्त्री लेल्यांकडे तो संस्कृत शिकणार आहे. नाव नारायण वामन टिळक. तो इथे थांबत नाही, पण तुम्ही त्याच्या मागोमाग जा.

१८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्याला एक गोरा सहप्रवासी भेटेल. दोघं बोलत बसतील, निरोपाला तो साहेब त्याला नवा करार देईल. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होईल. बायको लक्ष्मीबाई आकांत करतील, काही वर्षं वेगळ्या राहतील आणि १९००मध्ये स्वतःच्या पायांनी त्याच वाटेने येतील. नंतर ‘स्मृतिचित्रे’ लिहून या सगळ्याची हकिगत असं हसत-रडत सांगतील की ते पुस्तक ख्रिस्तीच काय, प्रत्येक मराठी घराचं होईल.

१९१७: सातारा

टिळकांनी नगरला राहून शेकडो पदं रचली. अभंग, ओव्या, भजनं. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं. आज मराठी मंडळी ज्या पदांवर टाळ वाजवते त्यांतली कितीतरी त्यांची. पण शेवटी शेवटी त्यांना एक गोष्ट बोचायला लागली होती. पाळकाला पगार अमेरिकेतून, इमारत अमेरिकेच्या पैशाने, निर्णय मिशनच्या बैठकीत. तुकोबाची वाट धरून ख्रिस्तापर्यंत पोचलो म्हणणाऱ्या माणसाने दर महिन्याला मिशनच्या खजिनदारापुढे उभं राहायचं?

१९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. तुम्ही तिथे जाऊन बसलात तर तुम्हाला कुणी नाव-गाव-धर्म विचारणार नाही. दोनच वर्षांत, १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. दरबार फार काळ चालला नाही. प्रश्न मात्र सुटला नाही: मंडळी कुणाची?

उत्तर यायला आणखी पन्नास वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि हॉलच्या मिशनमधून वाढलेली मंडळीही तिचाच भाग झाली. गोरे मिशनरी एकेक करून परत गेले होते. ३० हजार कधी आलेच नव्हते.

आजच्या दिवसात परत येता येता नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या मंडळीत सुगीच्या सणाला थांबा. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, लाडवांचे डबे. उपासना झाली की लिलाव. भोपळा त्याच्या किमतीच्या दहापट जातो आणि घेणारा तो परत लिलावात ठेवतो. मग कमिटीची बैठक. छपराचे पत्रे कधी बदलायचे, मागच्या वर्षीचे पैसे कुठे गेले, जमिनीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव, पुढचा सेक्रेटरी कोण. आवाज चढतात. पाळकसाहेब हात जोडतात. कुणीतरी रागाने उठून जातो आणि चहा आल्यावर परत येतो.

कल्याणच्या इराण्यांची मंडळी ओसरली, ठाण्याच्या साधूंच्या अस्थीही चीनला गेल्या. नगरच्या वहीत अमेरिकेचं नाणं यायचं थांबलं तरी वही चालू राहिली, कारण तोवर ती मराठीत लिहिली जात होती. हिशेबावर भांडतात ते ज्यांचं असतं तेच. या बैठकीत बॉस्टनचं कुणी नाही, आणि भांडण जोरात आहे.